मोटारीचें साणें

वऱ्हाडांतील जुन्या धाब्याच्या घरांना छपरांत एक भोंक ठेवलेलें असे. चुलीचा धूर त्यांतून बाहेर जाई, उजेडाचा कवडसा आंत येई, आणि आभाळ भरून आलें कीं घरांतील एखादें पोर धाब्यावर चढून त्यावर झांकण टाकून येई. त्याला साणें म्हणत. धाबीं गेलीं, स्लॅब आले, आणि साणें हा शब्द आतां आमच्या नातवंडांना कोशांत पाहावा लागतो. वस्तु मात्र परत आली आहे, आणि ती घराच्या नव्हे, मोटारीच्या छपरांत. इंग्रजींत तिला सनरूफ म्हणतात. वैशाखांत ज्या मुलुखाचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास फिरतो, त्या मुलुखांतील माणसानें जादा पैसे मोजून डोक्यावर सूर्य विकत घ्यावा, याचें आम्हांस प्रथम मोठें नवल वाटलें. आमचे एक स्नेही म्हणतात, याला गवाक्ष म्हणावें. पण गवाक्ष भिंतीला असतें, छपराला नव्हे. सबब आम्ही आपला साणें हाच शब्द चालवूं.

हें खूळ अगदीं कालचें आहे असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंत नॅश कंपनीनें १९३७ सालीं सरकत्या छपराच्या मोटारी विकावयास काढल्या होत्या. जर्मनींत या धंद्यांत नांवाजलेली एक कंपनी आहे, तिचें नांव वेबास्टो. हा शब्द कोणत्याहि जर्मन कोशांत सांपडावयाचा नाहीं. संस्थापक विल्हेल्म बायर आणि कारखान्याचें गांव स्टॉकडॉर्फ यांचीं अक्षरें तोडून जोडून तो घडविलेला आहे. अच् आणि हल् या प्रत्याहारांवर पोसलेल्या आमच्यासारख्या जुन्या संस्कृतवाल्यास हें पाहून मौज वाटली. १९०१ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीचा कारखाना आज पुण्याजवळहि आहे, आणि तेथें मोटारींचीं साणीं तयार होतात.

आपल्याकडे ही चैन फार दिवस परदेशी व महागड्या गाड्यांपुरती होती. सप्टेंबर २०२० मध्यें टाटांनीं रांजणगांवीं बनणाऱ्या आपल्या नेक्सन गाडीचा साणें असलेला एक प्रकार सुमारें ८ लाख ३६ हजार रुपयांस काढला, आणि तेव्हांपासून मध्यम स्थितींतील घरांतहि तें आलें. २०२३ सालापर्यंत त्याहून लहान गाड्यांना तें बसूं लागलें. आतां तर लग्नाच्या बैठकींत वरपक्षाच्या गाडीस साणें आहे कीं नाहीं याची चौकशी झालेली आम्हीं स्वतः ऐकली आहे. पत्रिकेंतील मंगळाइतकें महत्त्व त्याला अद्याप आलेलें नाहीं, एवढेंच.

हौसेला आमचा विरोध नाहीं. परंतु गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत आमच्या ओळखीच्या सात-आठ घरांतून एकच गाऱ्हाणें ऐकूं आलें कीं, साणें गळतें. आणि प्रत्येक घरानें त्यावर जो उपाय केला, तो रोगाहून भारी पडला. म्हणून मृग लागण्यापूर्वीं हा विषय घेणें बरें, असें वाटलें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोक समजतात कीं, साण्याची कांच म्हणजे बाटलीचें बूच. तें घट्ट बसलें कीं थेंबहि आंत येतां कामा नये, आणि आला तर बूच बिघडलें. वस्तुस्थिति तशी नाहीं. कांचेच्या कडेला जी रबरी पट्टी असते, ती बहुतेक पाणी अडविते. सगळें अडवीत नाहीं, आणि सगळें अडवावें अशी बनविणाऱ्याची अपेक्षाहि नसते. पट्टीला चुकवून आंत शिरलेलें पाणी धरण्यासाठीं कांचेखालच्या चौकटीला सभोंवार एक खोबण केलेली असते. या खोबणीच्या कोपऱ्यांना बहुधा चार बारीक नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन नळ्या पुढील मोठ्या कांचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांच्या पोटांतून उतरतात, आणि पुढील दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकावरच्या पोकळींत तोंड काढतात. मागच्या दोन मागील खांबांतून उतरून चाकापलीकडे अथवा बंपराच्या आड मोकळ्या होतात. म्हणजे पावसाचें कांहीं पाणी मोटारीच्या छपरांत येतें, तिच्या अंगांतून वाहतें आणि चाकांपाशीं निघून जातें, आणि आंत बसलेल्या मंडळींना त्याचा पत्ताहि नसतो! धाब्याच्या घराचा न्याय हाच होता. पाण्याचा बंदोबस्त करीत असे तो धाब्याचा उतार आणि त्याची पन्हळ. पन्हळ तुंबली कीं पाणी धाब्यावर सांचे आणि भिंतींतून पाझरे, आणि गृहस्थ मात्र धाब्यावरच्या मातीला दोष देई.

साणें गळतें म्हणून जी ओरड होते, तिच्या मुळाशीं कांच क्वचितच असते. तुंबलेली नळी असते, किंवा सांध्यावरून निसटलेली नळी असते.

या नळ्या करंगळीहून बारीक. त्या तुंबावयास विशेष कांहीं लागत नाहीं, आणि आमच्या भागांत तर तुंबविणाऱ्या पदार्थांचें सदावर्तच उघडलेलें आहे. रिसोडांत ज्याच्या दारीं मोटार आहे, तो ती सांवलीला म्हणून कडूनिंबाखालीं उभी करतो. फाल्गुनांत निंबाचीं पानें झडतात. तें मोठें पान असतें तर बाहेरच अडकलें असतें. पण निंबाची एकेक पर्णिका नेमकी त्या नळीच्या मापाची. चैत्रांत वर मोहोर पडतो. पुढें आश्विन-कार्तिकांत सोयाबीनची मळणी सुरू झाली कीं भुसकटाची अशी धूळ उडते कीं बाजार समितीच्या रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीवर बोटानें नांव लिहावें. ही धूळ खोबणींत बसते, दंव पडून तिचें कालवण होतें आणि वाळून खडा बनतो. शिवाय नळीच्या खालच्या तोंडाला कित्येक गाड्यांत एक रबरी जीभ असते, ती पाणी बाहेर सोडते व किडामुंगी आंत येऊं देत नाहीं. शेताच्या वाटेनें गाडी घातली कीं चाकाच्या फेकीनें काळ्या मातीचा लपका तिच्यावर बसतो. काळी माती कशी चिकटते हें वऱ्हाडांतील माणसास आम्हीं सांगावयास नको. वरून निंब आणि खालून काळी माती. मधल्या नळीची कथा तेथेंच संपते.

आमच्या घरचा प्रकार सांगण्याजोगा आहे. आमच्या पुतण्यानें कर्ज काढून गाडी घेतली, ती मुख्यतः आमच्या मातुःश्रींसाठीं. त्यांना दमा आहे, आणि महिन्यांतून एकदां वाशिमास डॉक्टरांकडे न्यावें लागतें. एस्‌टीच्या धक्क्यांतून तें होत नाहीं. गाडीला साणें होतें. पहिला पावसाळा निर्वेध गेला. दुसऱ्या वर्षीं श्रावणांत आमच्या वहिनी म्हणाल्या, “गाडींत भिजल्या घोंगडीसारखा वास येतो.” त्यांच्या बोलण्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. घरांतील बायकांचें नाक हें यंत्रापेक्षां तीक्ष्ण असतें, पण घरांत त्याची साक्ष कोणी धरीत नाहीं. आठ दिवसांनीं चालकाच्या शेजारच्या आसनापुढील गालिचा पायाला चिंब लागला. पुतण्यानें गाडी एका मोठ्या शहरांतील वर्कशॉपांत नेली. तेथें गाडी दोन दिवस ठेवून घेऊन सांगण्यांत आलें कीं, साण्याची सबंध चौकटच बदलावी लागेल आणि साठ हजारांच्या घरांत खर्च येईल. पुतण्या हताश होऊन परत आला. मग कोणा एकाच्या सल्ल्यानें एका मिस्त्रीकडून कांचेच्या चारी बाजूंनीं सिलिकॉनचा लेप भरून घेतला. दिसावयास तें मोठें पक्कें दिसत होतें. परंतु पुढच्या पावसांत पाणी पूर्वींसारखेंच आलें, कांच आतां उघडेना, आणि शेवटीं समोरच्या फळीवर एअरबॅगचा तांबडा दिवा लागून राहिला. आसनाखालून तारांचे जोड गेलेले असतात. गालिचाखालचा नमदा महिनाभर ओला राहिल्यावर ते जोड गंजूं लागले होते. मातुःश्रींचा दमा त्या वासानें वाढला व त्यांनीं गाडींत बसण्याचें नाकारलें. ज्या कामासाठीं गाडी घेतली तेंच काम राहिलें, आणि हप्ते मात्र चालू.

शेवटीं हा गुंता सोडविला तो आमच्याच एका विद्यार्थ्यानें. शाळेंत त्याचीं शब्दरूपें कधीं धड झालीं नाहींत. पण हात मोठा समंजस. तो अकोल्यास मोटारींचेंच काम करतो, आणि पोळ्यासाठीं घरीं आला होता. त्यानें दार उघडलें, छताचें अस्तर कोपऱ्यांत हातानें चाचपून पाहिलें, आणि म्हणाला, “गुरुजी, कांच गळून नाहीं राहिली, नळी बुजून गेली हाय.” सायकलच्या ब्रेकची जुनी तार घेऊन तिचें टोंक घासून त्यानें बोथट केलें, आणि वरच्या कोपऱ्यांतून ती हळूहळू फिरवीत नळींत सोडली. खालून प्रथम काळा चिखल निघाला, मग निंबाच्या काड्या, आणि मग पाणी धो धो सुटलें. चारी नळ्या मोकळ्या करण्यास त्याला तासभर लागला. सिलिकॉन खरवडून काढण्यास दोन दिवस लागले, तीच खरी मजुरी! गालिचा व त्याखालील नमदा बाहेर काढून चार दिवस उन्हांत वाळविला, तारांचे जोड साफ केले, आणि सगळें मिळून तीन हजारांच्या आंत काम झालें. मातुःश्रींनीं आणखी महिनाभर संशय धरला, पण आतां बसतात.

या हकीकतींत जें दोनदां चुकलें, तें पुष्कळ ठिकाणीं चुकतें. सिलिकॉनचा लेप हा उपाय नव्हे, तो अपाय आहे. कारण, पाणी तुंबलें आहे तें नळींत. वरून लेप दिल्यानें नळी मोकळी होत नाहीं, आणि लेप कोठें ना कोठें फाटून पाणी शिरतेंच. उलट, सरकणाऱ्या कांचेला चिकटवून ठेवल्यामुळें मोटारीच्या यंत्रावर ताण येतो. दुसरी चूक जोरदार हवेची. पंक्चरच्या दुकानांतील हवेचा पाइप नळीच्या तोंडाला लावला कीं कचरा सुटेल, असें वाटतें. कधीं सुटतोहि. पण ती हवा इतकी जबरदस्त असते कीं नळी आपल्या सांध्यावरून निसटते, आणि मग तुंबलेल्या नळीच्या जागीं तुटलेली नळी हातीं येते. नळी निसटली म्हणजे सगळें पाणी छताच्या अस्तरावर पडतें. अस्तर उतरविल्याशिवाय ती परत जोडतां येत नाहीं, आणि अस्तर उतरविणें हें घरगुती काम नव्हे. तारेचें टोंक अणकुचीदार असलें तरी नळी फुटते. म्हणून तार बोथट, हात हलका, आणि आपल्या गाडींत नळीचें तोंड कोठें आहे हें तिच्याबरोबरच्या पुस्तकांत किंवा जाणत्याकडून आधीं समजून घ्यावें. तें पुस्तक बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या वेष्टनांतच पडलेलें असतें.

परीक्षा मोठी सोपी आहे, आणि ती कोणालाहि करतां येते. साणें उघडावें. अर्धा पेला पाणी खोबणीच्या एकेका कोपऱ्यांत हळू ओतावें, ओकूं नये. त्या कोपऱ्याच्या खालीं, चाकाजवळ, कोणी तरी बसून पाहावें. घरांत पोरें असतातच, त्यांना हें काम फार आवडतें. पाणी लागलीच धारेनें पडलें तर नळी निरोगी. थेंबथेंब पडलें तर अर्धी तुंबलेली. मुळींच पडलें नाहीं आणि खोबणींत सांचून राहिलें, तर ओतणें थांबवावें. वर पाणी नाहींसें झालें, पण खालीं आलें नाहीं, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. तें कोठें तरी आंत गेलें.

गालिचा ओला झाला म्हणजे दरवेळीं साण्याकडेच बोट दाखवूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. वातानुकूल यंत्र चालूं असतां त्यांत पाणी धरतें, आणि तें एका निराळ्या नळींतून गाडीखालीं टपकतें. ती नळी तुंबली तरी चालकाच्या शेजारच्या आसनापुढेंच ओल येते. दोहोंतील भेद असा कीं, कडक उन्हांत, पाऊस नसतां, लांबच्या प्रवासानंतर ओल आली तर ती वातानुकूल यंत्राची. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर आली तर वरची. पुढील कांचेच्या पायथ्याशीं पानें सांचून तेथूनहि पाणी आंत येऊं शकतें. छताच्या अस्तराला कोपऱ्यांत चहासारखा डाग पडला असेल, तर मात्र संशयाला जागा नाहीं.

२०२३ सालाच्या आरंभीं या विषयावर देशभर बराच गाजावाजा झाला होता. एका गृहस्थांनीं आपली महिंद्र कंपनीची नवी स्कॉर्पिओ-एन गाडी धुण्यासाठीं डोंगरांतील धबधब्याखालीं उभी केली, आणि छतांतील फटींतून पाण्याच्या धारा आंत पडूं लागल्या. त्याचें चित्रण लाखों लोकांनीं पाहिलें. कंपनीनें त्यावर तसलीच गाडी धबधब्याखालीं उभी करून, आंत थेंब येत नाहीं असें दाखविणारें चित्रण प्रसिद्ध केलें. ही गाडी चाकणास बनते, म्हणून आपल्याकडे त्याची चर्चा अधिक. कोणाचें खरें, या वादांत आम्हांस पडावयाचें नाहीं. आम्हांस त्यांतून दिसतें तें एवढेंच कीं, नळीला पावसाचा हिशेब असतो, धबधब्याचा नसतो. गाडी धुण्याच्या दुकानांतील जोरदार फवारा रबरी पट्टीवर जवळून मारणें हा त्याच धबधब्याचा धाकटा भाऊ. धुणाऱ्यास “वर लांबूनच मार,” एवढें सांगण्यास संकोच वाटूं देऊं नये.

आतां कांच न सरकण्याविषयीं. पुष्कळदां कांच बंद होतां होतां आपोआप मागें फिरते, आणि लोक घाबरतात. ती बोटें किंवा मान चेंगरूं नये म्हणून केलेली योजना असते; रुळांत खडा किंवा सुकलेला चिखल असला कीं तिला तें बोटच वाटतें. रूळ स्वच्छ केले कीं बहुधा काम भागतें. बॅटरी काढून बसविल्यावर कांच अर्धवट उघडते व तेथेंच थांबते, तें कांहीं बिघाड नव्हे. तिला आपल्या दोन्ही टोंकांचा विसर पडलेला असतो. बटण कसें व किती वेळ दाबून धरलें असतां ती तें पुन्हां शिकते, हें त्या पुस्तकांत दिलेलें असतें. फ्यूज उडणें हाहि क्षुल्लक प्रकार. परंतु कांच एका बाजूनें तिरपी होऊन अडकली, कडकड आवाज झाला, तर बटण पुनःपुन्हां दाबूं नये. कांचेला ओढणाऱ्या दोन लवचिक तारा असतात. त्यांतील एक, किंवा तिला धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा, तुटलेला असतो. येथें जाणता माणूसच पाहिजे, आणि कित्येक कंपन्या सुटा तुकडा न देतां सबंध चौकटच देतात, म्हणून खर्च मोठा येतो. पावसाळी आभाळ असतां कांच उघडी अडकली तर वरून ताडपत्री बांधून गाडी हळू न्यावी.

करकर आवाज मात्र बहुधा कोरड्या रबराचा असतो. ओल्या फडक्यानें पुसून त्यावर रबरासाठीं मिळणारें सिलिकॉनचें ग्रीस बोटानें पातळ लावावें. वर ज्या सिलिकॉनच्या लेपाची निंदा केली तो चिकटणारा, हें निसरडें. नांव एक, गुण उलटे. आमच्याकडे कांहीं घरांत खोबरेल लावलेलें आम्हीं पाहिलें आहे. खोबरेल डोक्याला उत्तम. पण मोटारीच्या रबराला लावलें कीं त्यावर धूळ धरते, आणि तेलानें रबर फुगतें. यंत्राचें साधें काळें ग्रीसहि रबराला तसेंच वैरी.

कांच फुटण्याचे प्रकार क्वचित् घडतात, पण घडले म्हणजे घबराट फार होते, कारण कधीं कधीं वर कांहीं न पडतां ती फुटते. ही कांच तापवून एकदम थंड केलेली असते. तिच्या पोटांत ताण भरलेला असतो, आणि कडेला पूर्वीं खड्याचा लहानसा टवका उडालेला असला कीं उन्हातान्हांत केव्हां तरी ती एकदम रव्यासारखी होते. अमेरिकेंत सरकारी खात्याकडे अशा शेंकडों तक्रारी गेलेल्या आहेत. म्हणून प्रवासांत खालचा पडदा ओढलेला ठेवावा. ऊनहि अडतें आणि कण अंगावर पडत नाहींत. विम्याचा नियम येथें उपयोगी आहे: सर्वसमावेशक विम्यांत कांचेच्या भागांवर घसारा कापीत नाहींत, रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा कापतात. मात्र तुंबलेल्या नळीनें झालेलें नुकसान हें झिजेचें किंवा हयगयीचें मानून विमावाले बहुधा हात वर करतात.

हमीची मुदत चालू असेल, तर घरीं तार घालण्यापूर्वीं गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरांत दाखवावी, आणि तोंडी बोलण्यावर राहूं नये. तक्रार जॉबकार्डावर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी: “पावसानंतर डावीकडे गालिचा ओला होतो, निचऱ्याच्या नळ्या तपासाव्या.” अशी नेमकी ओळ असली कीं चौकट बदलण्याचा सल्ला देणारासहि आधीं नळ्या पाहाव्या लागतात. जॉबकार्डाची प्रत व ओल्या गालिचाचीं तारखेसह छायाचित्रें जपून ठेवावीं. इतकें करून दाद लागली नाहीं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. पुढें ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणें जिल्हा आयोगाकडे जातां येतें. त्यासाठीं आपल्याला वाशिमापलीकडे जावें लागत नाहीं. मुदत तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची, आणि वस्तूची किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं. वकील लावलाच पाहिजे असेंहि नाहीं. शुद्ध मराठींत सुसंगत अर्ज लिहितां येणारा एक माणूस घरांत असला म्हणजे पुरे.

समृद्धि महामार्ग झाल्यापासून मेहकराहून नागपूर किंवा शिर्डी गांठणें सोपें झालें आहे, आणि सुटींत गाड्या निघाल्या कीं कित्येकींच्या साण्यांतून मुलांचीं डोकीं वर आलेलीं दिसतात. आई-बाप खालून हौसेनें पाहात असतात. सप्टेंबर २०२५ मध्यें बंगळुरांत असाच उभा असलेला एक लहान मुलगा रस्त्यावरील आडव्या लोखंडी अडसरावर आपटला; तें चित्रण ज्यानें पाहिलें तो पुन्हां मुलाला उभा करणार नाहीं. गाडीनें नुसता ब्रेक मारला तरी छपराची कड मुलाच्या छातींत बसते. आजी-आजोबा मागच्या आसनावर असतील तर त्यांनीं खुशाल रागवावें.

शेवटीं एका प्रश्नाचें उत्तर देणें राहिलें. ज्यांच्या गाडीला साणें नाहीं, त्यांतील कांहीं तरुण मंडळी छप्पर कापून तें बाहेरून बसवून घेण्याचा विचार करीत आहेत, आणि तसें करून देणारे कारागीरहि शहरांत मिळतात. हें करूं नये. छपराचा पत्रा व त्याखालील आडव्या पट्ट्या मिळून गाडीचा सांगाडा बनतो. गाडी उलटली असतां माणसांच्या डोक्यावरचा भार तोच तोलतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें बनविणाऱ्यानें ठरविलेल्या रचनेंत असा फरक करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें आहे. गाडीची नोंदणी अडचणींत येते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतेंच निमित्त मिळतें. आणि अशा कापलेल्या छपराला त्या चार नळ्या कोठून आणाव्या, हें त्या कारागिरास विचारून पाहावें.